खाटेशिवाय प्रवेश

जून महिना लागला की माझी झोप अजूनही पहाटे चारला मोडते. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली. पण पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात ज्याने चौतीस वर्षे प्रवेशाची खिडकी सांभाळली, त्याच्या अंगातून हा मोसम सहजासहजी जात नाही. आता खिडकी नाही, रांग नाही, कार्बन लावून फाडायच्या पावत्या नाहीत. सगळे मोबाइलवर होते. ते चांगलेच झाले असे मी मानत आलो, अजूनही बरेचसे मानतो. परंतु करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, ज्यांनी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला, त्यांच्यापैकी एक मुलगा मी जवळून पाहिला. त्याच्या नुकसानीत थोडा माझाही हात आहे. म्हणून हे लिहितो आहे.

आधी त्या रांगेविषयी. तिच्याबद्दल आजवर कोणी चांगले बोललेले नाही. पहाटेपासून फाटकाशी उभी राहिलेली पोरे, त्यांच्याबरोबर ताटकळणारे टोपीवाले वडील, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या गुणपत्रिका, सत्यप्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवण्यासाठी धावाधाव. आणि एवढे करून खिडकीशी पोहोचावे, तर आतला माणूस म्हणणार, 'शाळा सोडल्याचा मूळ दाखला कुठाय? उद्या या.' तो आतला माणूस मी. नांदेडहून किंवा बुलढाण्याहून आलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणताना तो आज रात्री झोपणार कुठे, हा विचार माझ्या मनात क्वचितच येई. पण त्या रांगेत एक गोष्ट होत असे, जिची नोंद आमच्या कुठल्याच रजिस्टरात नसे. मागचा पुढच्याला विचारी, 'कुठला तू? राहणार कुठं?' आणि खिडकीपाशी येईपर्यंत निम्म्या मुलांची खोलीची, मेसची, निदान त्या रात्रीच्या अंथरुणाची सोय लागलेली असे.

१९९४ च्या जूनमध्ये अशाच रांगेतून बुलढाणा जिल्ह्यातला एक मुलगा माझ्यासमोर आला. अर्जावर विषयांचे रकाने कोरे होते. मी नेहमीच्या कातावलेल्या आवाजात विचारले, 'स्पेशल कशाला घेणार?' तो म्हणाला, 'म्हंजे काय राहते साहेब ते?' रांग लांब होती, तरी का कोण जाणे, मी त्याला सांगत बसलो. बी. ए.च्या पहिल्या वर्षी जे विषय घ्याल त्यांतलाच एक पुढे 'स्पेशल' घेता येतो. पहिल्या वर्षी जो घेतला नाही, तो पुढे मिळत नाही. तेव्हा आज टिचकी मारल्यासारखे विषय लिहू नकोस. त्याने इतिहास लिहिला. मग पत्त्याच्या रकान्यात गावाचा पत्ता लिहून तो थांबला. 'स्थानिक पत्ता' या ओळीवर काय लिहायचे, ते त्याला कळेना. दोन रात्री शिवाजीनगरच्या एसटी स्थानकावर काढल्या होत्या त्याने.

आमचे घर कर्वेनगरला. वर दोन खोल्या आहेत, त्या आम्ही विद्यार्थ्यांना कॉट बेसिसवर देत आलो. त्या वेळी खाटेला महिना दीडशे रुपये भाडे होते. तो मुलगा तीन वर्षे आमच्याकडे राहिला, बी. ए. झाला, एसटीत वाहक म्हणून लागला. मला 'काका' आणि आमच्या सौ.ना 'काकू' म्हणू लागला. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. या माणसाच्या शिक्षणाची सुरुवात कुठे झाली, असे मला कोणी विचारले तर मी वर्गाचे नाव घेणार नाही. त्याला खाट मिळाली, तिथे ती झाली.

ही माझी एकट्याची कल्पना नव्हे. महाराष्ट्रात खेड्यातला, गरिबाघरचा मुलगा शिकला तो आधी वसतिगृहामुळे, मग शाळा-कॉलेजामुळे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे एकेका समाजासाठी बोर्डिंगांची रांगच लावली. शाळा शहरात आहे, फी माफ आहे, एवढ्याने खेड्यातले पोर शिकत नाही. त्याला भाकरी आणि छप्पर लागते, हे त्या राजाला समजले होते. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग उभे केले. तिथे सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला जेवली. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते, १९२५ सालचे. आणि मी ज्या भागात राहतो त्याचे जुने नाव हिंगणे. पुण्यात प्लेगने माणसे मरत होती, लोक घरे सोडून माळावर राहायला जात होते, त्याच वर्षांत, १९०० साली, धोंडो केशव कर्व्यांनी या हिंगण्याच्या माळावर एक झोपडी बांधली आणि तिथे विधवा मुलींना राहायला आणि शिकायला आणले. रोज सकाळी फिरायला जाताना मी त्या संस्थेवरून जातो. साथ होती तेव्हा त्यांनी झोपडी बांधली. साथ आली तेव्हा आपण कुलपे लावली.

कुलपे लावायला नको होती, असे मात्र मी म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये कोणालाच काही कळत नव्हते. एका खोलीत चार मुले, मजल्याला दोन संडास, एकच मेस. अशा वसतिगृहात तो आजार शिरला असता तर काय झाले असते याची कल्पना कोणत्याही रेक्टरला होती. मुलांना घाईघाईने घरी पाठवले गेले ते त्यांच्या भल्यासाठीच. नंतर कित्येक वसतिगृहे विलगीकरणासाठी ताब्यात घेतली गेली, मुलांच्या ट्रंका आणि गाद्या एका खोलीत रचून ठेवल्या गेल्या. माझी तक्रार त्या मार्चबद्दल नाही. ती त्यानंतरच्या दीड वर्षाबद्दल आहे. त्या काळात नवे प्रवेश दिले गेले, शुल्क घेतले गेले, हजेरीपट तयार झाले, परीक्षाही झाल्या. आणि प्रथम वर्षाचा विद्यार्थी राहतो कुठे, कोणत्या खोलीत, कोणत्या दिव्याखाली अभ्यास करतो, हा प्रश्न कोणत्याही अर्जाच्या कोणत्याही रकान्यात नव्हता.

बारावीचा निकाल त्या वर्षी १६ जुलैला लागला. राज्याचा निकाल ९०.६६ टक्के. त्या संध्याकाळी बुलढाण्याहून फोन आला. 'काका, पोरगा पास झाला. एकाहत्तर टक्के. त्याले अर्थशास्त्र घ्यायचं आहे. पुण्यातच टाकतो.' आवाजात जो आनंद होता, तो ऐकून मलाही बरे वाटले. बापाने ज्या कॉलेजात बी. ए. केले तिथेच मुलगा येणार, बापाच्याच खोलीत राहणार. मी म्हटले, 'खाट ठेवतो त्याच्यासाठी. दोन महिन्यांचे डिपॉझिट पाठव.' २०२० साली आमच्याकडे खाटेला अडीच हजार भाडे होते. पाच हजार रुपये आठवडाभरात आले. ते त्याच्या आईने बचतगटातून उचलले होते, हे मला पुढे कळले.

प्रवेशाचा अर्ज तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात भरला गेला. केंद्रातल्या पोराने, दारात रांग असल्यामुळे, भराभर भरला. नाव, जात, उत्पन्न, आधार क्रमांक, बँकेचा क्रमांक, सगळे बरोबर. विषयांच्या यादीत मात्र जे चार वर होते ते त्याने निवडले. अर्थशास्त्र त्या चारांत नव्हते. घरी आल्यावर मुलाच्या लक्षात आले. त्याने मला फोन केला. 'आजोबा, विषय चुकला. काय करू?'

आणि मी त्याला सांगितले, 'काळजी करू नकोस. आधी प्रवेश पक्का कर. विषय नंतर बदलता येतो.'

माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत हे खरे होते. वर्ग सुरू झाल्यावर साध्या कागदावर अर्ज, दोन शिक्षकांच्या सह्या, आमच्याकडे एक शिक्का, झाले काम. कितीतरी मुलांचे विषय मी असे बदलून दिले आहेत. पण ती पद्धत माणसामाणसांतली होती. मुलगा वर्गात बसायचा, आठ दिवसांत त्याला कळायचे की आपण भलतीकडेच बसलो आहोत, मग तो खिडकीशी यायचा. या वर्षी बसायला वर्गच नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रथम वर्षाचे वर्ग १ नोव्हेंबरपासून सुरू करावेत असे कळवले होते. ते सुरू झाले, पडद्यावर. विषय बदलण्यासाठी कॉलेजने मुदत दिली ती आठ दिवसांची, आणि तिची सूचना आली व्हॉट्सॲपवर.

त्या घरात स्मार्टफोन एकच होता. मुंबईत लोकल सर्वांसाठी सुरू नव्हत्या, म्हणून बेस्टच्या मदतीला एसटीच्या गाड्या आणि त्यांचे चालक-वाहक जिल्ह्याजिल्ह्यांतून पाठवले जात होते. नेमकी त्या दिवसांत त्याच्या वडिलांची पाळी लागली. घरातला फोन वडिलांच्या खिशातून मुंबईला गेला. वडील दिवसभर गाडीवर, रात्री दहा-बारा जणांबरोबर एका हॉलमध्ये मुक्कामाला. कॉलेजची सूचना त्यांनी पाहिली, ती मुलाला सांगायचीही ठरवली. पण सांगितली ती नवव्या दिवशी.

यात कोणाला दोष द्यायचा? कॉलेजने सूचना दिली होती. वडील कामावर होते. सेवा केंद्रातल्या पोराने तीस रुपयांत अर्ज भरून दिला होता, त्याने विषयांवर चर्चा करावी ही अपेक्षाच चूक. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या घरांपैकी जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक साडेचार टक्केही घरांत नव्हता. ही आकडेवारी सरकारचीच, आणि साथ येण्याआधीची. ज्यांनी ते वेळापत्रक आखले, त्यांच्या टेबलावर ती असणारच. माझ्या टेबलावर नव्हती. पण त्या घरात एकच फोन आहे हे मला ठाऊक होते. ठाऊक असून मी 'नंतर बदलता येतो' म्हणालो. 'तालुक्याला परत जा, तो अर्ज उघडून घे, मी कॉलेजात फोन करतो' असे म्हणालो असतो तर ते झाले असते. माझ्या हाताखाली शिकलेली दोन माणसे अजून त्या कार्यालयात होती.

आता खोलीची गोष्ट, आणि ती सांगणे मला जास्त जड जाते.

टाळेबंदी लागली तेव्हा वरच्या खोल्यांत राहणारी मुले होळीच्या सुट्टीला म्हणून गावी गेली होती, ती तिकडेच अडकली. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश निघाला की विद्यार्थ्यांना किंवा मजुरांना जो घरमालक घराबाहेर काढेल त्याच्यावर कारवाई होईल. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितले की भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकला. दोन्ही मी वर्तमानपत्रात वाचले. 'पुढे ढकला' म्हणजे 'माफ करा' नव्हे, हे मी कार्यालयातला माणूस असल्याने मला लगेच समजले. जुलैत मी तिघांकडून अर्धे भाडे मागून घेतले. मला निवृत्तिवेतन मिळते, मुलगा नोकरीला आहे; त्या पैशांवाचून आमचे काही अडत नव्हते. पण रिकाम्या खोलीकडे पाहिले की घरमालकाला ती पैसे गिळताना दिसते. हा एक आजारच आहे.

प्रथम वर्षाचे वर्ग नोव्हेंबरात सुरू झाले, म्हणून मी बुलढाण्याच्या त्या मुलाच्या नावावरही नोव्हेंबरपासून अर्धे भाडे लावले. खाट त्याच्यासाठी अडवून ठेवली आहे, असा माझा हिशेब. साडेबाराशे गुणिले चार. फेब्रुवारीअखेर बरोबर पाच हजार. डिपॉझिट संपले. फोनवर त्याच्या वडिलांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, 'बरोबर आहे काका. खाट अडली होती तुमची.' त्या वेळी एसटीत पगार वेळेवर होत नव्हते.

खरी गोष्ट अशी की ती खाट अडलेली नव्हतीच. आमच्या सोसायटीने ठराव करून बाहेरून येणाऱ्या भाडेकरूंना, विशेषतः विद्यार्थ्यांना, प्रवेशबंदी केली होती. त्या ठरावावर समिती सदस्य म्हणून माझी सही आहे. म्हणजे जी खाट दुसऱ्या कोणालाही देणे शक्य नव्हते, ती अडवून ठेवल्याचे भाडे मी घेतले. ३० नोव्हेंबर २०२० पर्यंत कोणी प्रवेश रद्द केला तर त्याचे पूर्ण शुल्क परत करा, असे अनुदान आयोगाने संस्थांना बजावले होते. हा नियम माझ्यासारख्या घरमालकाला लागू नव्हता. पुण्यात असे घरमालक किती असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण ज्या शहरात वसतिगृहांतल्या जागा विद्यार्थ्यांच्या मानाने नेहमीच अपुऱ्या, तिथे खरा रेक्टर आमच्यासारखाच कोणीतरी असतो.

इंग्लंडात काय घडले ते या संदर्भात आठवते. मँचेस्टर विद्यापीठाने त्या वर्षी सप्टेंबरात मुलांना वसतिगृहांत बोलावून घेतले आणि वर्ग मात्र बहुतेक पडद्यावरच भरवले. ५ नोव्हेंबरला वसतिगृहाभोवती चक्क कुंपण घातले. मुलांनी ते त्याच रात्री पाडले, मग भाडे न देण्याचा संप पुकारला, एका मनोऱ्यात ठिय्या दिला, आणि शेवटी त्या सत्राच्या भाड्यात ३० टक्के सूट मिळवली. अमेरिकेत हार्वर्डने मार्चमध्ये मुलांना पाच दिवसांत खोल्या रिकाम्या करायला सांगितले होते. पण ज्यांना परत जायला घर नव्हते किंवा ज्यांना मायदेशी जाता येत नव्हते, त्यांना अर्ज करून राहता येत होते. तिकडचे सगळे चांगले, असे मला म्हणायचे नाही. कुंपण काही चांगले नव्हते. पण खोली हा विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यातला व्यवहार आहे, तिच्यावरून भांडता येते, हे तिथल्या मुलांना ठाऊक होते. आमच्या मुलाच्या वडिलांना ते ठाऊक नव्हते. भांडायचे कोणाशी? काकांशी?

राज्यातली महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने उघडणार असे जाहीर झाले. सोसायटीनेही ठराव सैल केला. मुलगा १४ तारखेला ट्रंक घेऊन आला. वडिलांसारखाच उंच, बोलायला मात्र फार लाजरा. वर्ग पाळीपाळीने बोलावणार होते. त्याच्या वर्गाची पाळी दुसऱ्या आठवड्यात होती. २१ तारखेला रुग्ण वाढले म्हणून पुण्यातल्या शाळा-महाविद्यालये पुन्हा बंद केल्याचे जाहीर झाले. आठ दिवसांत त्याने कॉलेजचे फाटक दोनदा पाहिले, बाहेरून. परत निघताना ट्रंक आमच्याकडेच ठेवली. 'लवकरच उघडेल आजोबा,' असे मलाच सांगून गेला.

उघडले २० ऑक्टोबरला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली, त्या गावातही माणसे गेली. पहिल्या वर्षाच्या परीक्षा त्याने फोनवर दिल्या, पर्यायांवर बोट ठेवून. गुण उत्तम पडले. त्या वर्षी सगळ्यांनाच उत्तम पडले. २०२१ ची बारावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.६३ टक्के लागला, तिथे आणखी काय बोलायचे? ऑक्टोबरात तो आला तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी विचारले, 'कसा गेला दिवस?' म्हणाला, 'ग्रंथालय कुठं आहे ते शिपायाला विचारलं. तो म्हणे, कितव्या वर्षाला? मी सांगितलं, दुसऱ्या. तर हसला.' मग थोड्या वेळाने म्हणाला, 'स्पेशल राज्यशास्त्र मिळालं. अर्थशास्त्राच्या सरांना भेटलो होतो. ते म्हणाले, पहिल्या वर्षी नाही ना घेतलं.' एवढेच. माझ्या सल्ल्याचा उल्लेखही केला नाही.

दिवाळीला गावी गेला, आणि एसटीचा संप सुरू झाला. तो संप किती लांबला ते सर्वांना आठवत असेल. वडील संपात, पगार बंद. खासगी गाडीचे तिकीट दुप्पट. डिसेंबरात आला, तर जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने कॉलेजे पुन्हा बंद. तीन वर्षांच्या पदवीत हा मुलगा वर्गात सलग बसला तो जवळजवळ फक्त शेवटच्या वर्षी. २०२३ साली पदवीधर झाला. आज तो एका वित्तसंस्थेत वसुलीचे काम करतो, मोटारसायकलवर गावोगाव फिरतो. वाईट चालले आहे असे नाही. अर्थशास्त्र घेतले असते तर कलेक्टर झाला असता, असेही नाही. पण त्याला जे शिकायचे होते ते त्याने शिकायला घेतलेच नाही, आणि ते एका यादीतल्या बोटाच्या चुकीमुळे. ती चूक दुरुस्त करणारा शेजारी, वर्गमित्र, खिडकीतला खेकसणारा कारकून, रात्री खोलीत 'अरे, तू हे काय घेऊन बसलास' म्हणणारा वरच्या वर्गातला मुलगा, यांपैकी त्याच्याजवळ कोणीच नव्हते. यांना अभ्यासक्रमात गुण नसतात. वसतिगृह म्हणजे हीच माणसे.

साथ गेली. तिच्यात सुरू झालेली पडद्यावरची नोंदणी राहिली, आणि ती राहणारच. त्यात आता नव्या शैक्षणिक धोरणाचे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आणि श्रेयांक आले आहेत. प्रथम वर्षाचा विषयांचा तक्ता मी परवा पाहायला घेतला. मला, या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला, तो समजायला दोन वाचने लागली. निवड वाढली हे चांगले. पण निवड समजावून सांगणारा माणूस नसेल, तर सेवा केंद्रातले पोर वरचेच चार निवडणार. माझी मागणी फार मोठी नाही. अर्जात इतके रकाने आहेत, त्यांत 'तुम्ही कुठे राहणार?' हा एक असावा, आणि त्याचे उत्तर कोरे असेल तर कॉलेजातून कोणीतरी फोन करावा. विषय बदलायची मुदत वर्ग प्रत्यक्ष भरल्यापासून मोजावी. आणि पुन्हा कधी कुलपे लावायची वेळ आली, तर ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही अशा थोड्या मुलांना एकेका खोलीत ठेवता येईल का, याचा विचार कुलूप लावण्याआधी व्हावा. सरकारला हे तत्त्व अमान्य आहे असेही नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना जेवण आणि राहण्यासाठी रक्कम देणारी स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. राहणे हा शिक्षणाचाच खर्च आहे, हे तिथे मान्य केलेले आहे. मग ते सगळीकडेच का नको?

मुलींचा प्रश्न तर याहून नाजूक. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना, त्या आर्थिक दुर्बल, मागास अथवा इतर मागास प्रवर्गातल्या असतील तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. फार चांगला निर्णय. पण शुल्क माफ झालेल्या मुलीचा बाप पुण्यात आला की पहिला प्रश्न विचारतो तो शुल्काचा नसतो.

हा प्रश्न घेऊन २०२५ च्या ऑगस्टमध्ये बुलढाण्याहून पुन्हा फोन आला. धाकट्या मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता, शुल्क माफ होते, कॉलेजच्या वसतिगृहाच्या यादीत मात्र नाव नव्हते. 'काका, वरची खाट मोकळी आहे का?' २०२३ पासून आम्ही वर मुलीच ठेवतो, सौ.चा तसा आग्रह. बापलेक दुसऱ्याच दिवशी आले. मुलगी भावासारखी लाजरी नाही. तिने खोली पाहिली, नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी लावून पाहिली आणि मग मला विचारले, 'आजोबा, कॉलेज मध्येच बंद पडलं तर भाड्याचं काय?'

सौ. दारात उभ्या होत्या. २०२१ मध्ये तो हिशेब त्यांना कळला तेव्हा त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या. आताही काही बोलल्या नाहीत. मी पावतीपुस्तक काढले. भाडे आता साडेतीन हजार, डिपॉझिट दोन महिन्यांचे, म्हणजे सात हजार. खाली लिहिले, कॉलेज बंद राहील तितके दिवस भाडे नाही, सामान ठेवता येईल, राहायचे असल्यास राहता येईल. मग डिपॉझिटच्या ओळीपुढे लिहिले: पूर्वीचे जमा रुपये पाच हजार, येणे रुपये दोन हजार.

वडिलांनी पावती हातात घेऊन दोनदा वाचली. म्हणाले, 'काका, हे पूर्वीचे पाच हजार कोणते?'